मासिकातली आई

आमच्या घरात मासिक वाचायला येत नसे, कापायला येत असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी अब्बा अम्मीला चाकूरच्या गाडीत बसवून द्यायला लातूरच्या स्टँडवर जात आणि परत येताना ते नवं मासिक पिशवीत घालून आणत. मधल्या पानांत घडी घातलेला एक मोठा कागद असायचा, त्यावर ब्लाऊजाचा, बाहीचा, कधी फ्रॉकचा नमुना छापलेला. अब्बा आधी तो अलगद सोडवून घेत, खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवत, मग कात्री चालवत. उरलेलं मासिक माझ्या वाट्याला. आई आणि मुलगी एकसारख्या साड्या नेसून हसतायत असं मुखपृष्ठ, मधला कागद गेल्यानं पोट हलकं झालेलं मासिक. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते आता बंद पडलंय, आणि पुढं जे सांगायचंय ते ऐकून वाईट वाटेल अशी माणसंही कुठं तरी असतील.

अब्बा लेडीज टेलर होते. गफूर मास्तर म्हणून अर्ध्या लातूरला ठाऊक. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत आम्ही चौघं. गल्लीच्या टोकाला डाळमिल होती, तिच्या भोंग्यावर सगळ्या गल्लीचा दिवस चाले आणि तुरीच्या फोलाचा भुगा वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसे. अम्मी परिचारिका. चाकूरच्या बाजूला एका उपकेंद्रात तिची नोकरी. सकाळी भोंगा व्हायच्या आधी पांढरी साडी पिनांनी नीट बसवून ती तयार, आणि अब्बा स्टोव्हपुढे. तिच्या डब्यात काय द्यायचं हे त्यांचं काम. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, अंबाडीची भाजी, कोपऱ्यात लसणाची चटणी. रविवारी खिचडी आणि खट्टा. अब्बांच्या हातच्या खट्ट्यात चिंच आणि तीळ अशा बेतानं पडत की माझ्या अम्मीला, जिनं शेकडो बाळंतपणं केली, तो शेवटपर्यंत जमला नाही. तिला त्याची खंतही नव्हती. "मुझे खाना आता," एवढंच म्हणायची. घरात आम्ही दखनी बोलत असू, गिऱ्हाइकांशी मराठी. इथं मी बहुतेक मराठीतच लिहिणार आहे.

अब्बांचं शिक्षण उर्दूतलं, चौथीपर्यंतचं. मराठी ते फर्डं बोलत, पण वाचता येत नसे. मी मराठी शाळेतली. म्हणून दुपारी गर्दी सरली, ते तुरपाई किंवा काज करायला बसले की मी समोर पाटावर बसून मासिक वाचून दाखवायची. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जाहिरातींसकट. अब्बांना जाहिराती जास्त आवडत. "पती घरी येण्यापूर्वी चेहऱ्यावर पाण्याचा हबका मारा, केस नीट करा, आणि दिवसभराच्या तक्रारी त्यांना दारातच सांगू नका," असं मी वाचलं की अब्बा सुई थांबवून म्हणत, "तुझी अम्मी यायच्या आत मलाच केस नीट करायला पाहिजेत म्हणायचं." आणि खरोखर कानामागे अडकवलेली पेन्सिल काढून ठेवत. 'ताईंचा सल्ला' नावाचं एक पान होतं. नवरा बोलत नाही, सासू छळते, रंग सावळा आहे म्हणून लग्न जमत नाही, अशी पत्रं आणि त्यांवर ताईंची उत्तरं. उत्तर जवळजवळ नेहमी एकच, की तुम्ही थोडं सोसा, थोडं हसा, बेसन आणि साय लावा. अब्बा ते ऐकून म्हणत, "ही ताई कधी एसटीनं गेलेली नाही."

चित्रांकडे बघायची त्यांची नजर वेगळी होती. गिऱ्हाईक बायका पान फाडून आणत आणि काउंटरवर ठेवत. "मास्तर, मला हिच्यासारकंच शिवा, लई भारी दिसायलंय." अब्बा ते पान उजेडाला धरत आणि गंभीरपणे सांगत, "बाई, ह्या कपड्याला पाठीमागून टाचण्या मारल्यात. ही बाई वळली तर सगळं सुटंल. तुम्हाला वळायचं असतं ना?" बायका हसत. मग अब्बा त्यांच्या मापाच्या जुन्या ब्लाऊजावरून अंदाज घेत, भाकरी थापताना हात किती लांब जातो, कडेवर पोर कोणत्या बाजूला घेतात, हे विचारत, आणि चित्रातल्या बाहीचा नुसता काठ घेऊन असं काही शिवत की ती बाई आरशापुढून हलत नसे. टाचण्यांची गोष्ट मला तेव्हा गंमत वाटायची. पुढं मी स्वतः एका दैनिकाची महिला पुरवणी वीस वर्षं सांभाळली, तेव्हा कळलं की नुसत्या फोटोला नव्हे, शब्दालाही पाठीमागून टाचण्या मारता येतात, आणि पुढून त्या दिसत नाहीत.

मोठा भाऊ रफिक तेव्हा कॉलेजात होता. त्याची मासिकं वेगळी, आणि तो ती घरी आणत नसे, नाक्यावरच्या सलूनमध्ये बसून वाचत असे. एकदा अब्बांचा निरोप द्यायला मी तिथं गेले तेव्हा ती पाहिली. दंड फुगवलेले पुरुष, मोटारसायकली, आणि मधे मधे बायकोवरचे विनोद. आमच्या मासिकातला पुरुष नेहमी दारात उभा असायचा, हातात बॅग घेऊन, छातीपर्यंतच दिसणारा. सलूनमधल्या मासिकातल्या पुरुषाला घरच नव्हतं. दोन्हींमध्ये मी अब्बांसारखा माणूस शोधला, गळ्यात टेप आणि खांद्यावर भाजीचं फडकं असलेला. सापडला नाही. रफिकला कॉलेजात पोरं 'लेडीज टेलर' म्हणून हाक मारत, हे मला फार नंतर समजलं. त्या काळात मला तो उगाचच चिडका वाटे.

मी बारावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मासिकानं निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता 'माझ्या घरातील शिलाई मशीन'. शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीनं ती ठेवली होती. मी वाचून दाखवलं तसे अब्बा म्हणाले, "ह्याच्यावर तूच लिही. बाकीच्यांच्या घरात मशीनवर टेबलक्लॉथ असतो." मी एका बैठकीत लिहिलं. खाडाखोड फारशी केली नाही, कारण आठवावं लागत नव्हतं, समोर दिसत होतं. त्यातली काही वाक्यं मला आजही पाठ आहेत. 'अम्मी संध्याकाळी चाकूरहून येते तेव्हा अब्बा मशीन थांबवतात आणि आधी तिच्या पायांकडे बघतात. पाय सुजलेले असले तर गरम पाणी ठेवतात, नसले तर चहा.' पाकीट अब्बांनी स्वतः पेटीत टाकलं आणि नीट आत पडलं का म्हणून पेटीवर दोनदा थाप मारली.

निकाल दोन महिन्यांनी आला. अब्बा स्टँडवरून नेहमीपेक्षा लवकर परतले. स्टॉलवाल्यानं त्यांना पान उघडून दाखवलं होतं. कु. शमीम, लातूर, पहिला क्रमांक. अब्बांनी दुकानातल्या दोन्ही गिऱ्हाइकांना बसवून घेतलं, मला पाटावर बसवलं, आणि म्हणाले, "सावकाश वाच."

मी वाचायला लागले. पहिलं वाक्य माझंच होतं, मशीनच्या आवाजाबद्दलचं. दुसऱ्या वाक्यात 'माझी आई पहाटे उठून मशीनला तेल घालते' असं छापलेलं होतं. मला वाटलं, माझी नजर चुकली. पुढं बघितलं. 'बाबा रोज एसटीने कामावर जातात.' त्याच्या पुढं, 'संध्याकाळी बाबा दमून येतात तेव्हा आई मशीन थांबवते आणि आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. चेहरा उतरलेला असला तर ती काही बोलत नाही, हसून चहा ठेवते.' वाक्यं माझी, त्यांतली माणसं उलटी करून बसवलेली. अम्मीचं उपकेंद्र गेलं, पांढरी साडी गेली, अब्बांचा स्टोव्ह गेला, सुजलेले पाय तर छापण्यासारखे नसणारच. समोरच्या, डाव्या पानावर कंपनीची जाहिरात होती. एक गोरी बाई मशीनवर बसलीय, शेजारी वेणी घातलेली मुलगी, आणि दारात बॅग घेऊन तो नेहमीचा पुरुष.

हे सगळं एका श्वासात बघितलं असेन मी. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मी क्षणभरच थांबले आणि मग मी लिहिलं होतं ते वाचलं, पाठ होतं तसं. 'अब्बा पहाटे उठून मशीनला तेल घालतात.' नजर पानावर, जीभ वेगळीच. पायांचं वाक्य आलं तेव्हा अब्बांनी डोळे उघडले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. "हे छापलं?" ते म्हणाले. "हौ," मी म्हणाले. त्यांनी मासिक माझ्या हातातून घेतलं, बाहीला हात पुसून घेतले, आणि ज्या पानावर त्यांचं नावनिशाण नव्हतं त्या पानावरून हात फिरवला.

तीन दिवस ते मासिक काउंटरवर होतं. येईल त्या गिऱ्हाइकाला अब्बा सांगत, "पोरीनं लिहिलंय, आमच्यावर." बायका कौतुक करत, पान बघितल्यासारखं करत, मापाचं ब्लाऊज ठेवून जात. चौथ्या दिवशी आमच्या मागच्या रस्त्यावरच्या वकिलीणबाई आल्या. त्यांना वाचायची आवड. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी मागच्या खोलीत कणीक मळत होते. 'माझी आई' हे शब्द कानावर आले आणि माझे हात परातीत तसेच राहिले. वकिलीणबाई शेवटपर्यंत वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, छान आहे हो. पण ह्यात तुम्ही कुठं आहात?"

अब्बांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. त्या गेल्यावर ते आत आले आणि परातीपाशी उकिडवे बसले.

"तू वाचलं ते कुठं होतं?"

"मी लिहिलेलं वाचलं अब्बा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "म्हणजे छापलंय ते खोटं, आणि तू वाचलंस ते खरं." आणि जरा थांबून, "बायकांचं मासिक आहे. मशीनवर बाईच पाहिजे असेल त्यांना." त्यांनी ते हसून म्हटलं. त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी कणीक परातीत आपटली.

अम्मी आणि रफिकनं मासिक उघडलंही नव्हतं; संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं, तेव्हा रफिक म्हणाला, "अच्छा हुआ." आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. तो ताटात बघत म्हणाला, "काय चुकीचं केलं त्यांनी? सगळ्या लातूरला सांगायचं होतं का, आमच्या घरी बाप भाकरी करतो आणि बायकांचे ब्लाऊज शिवतो म्हणून? कॉलेजात मला काय काय ऐकावं लागतं माहितीये तुम्हाला?" अब्बांनी त्याच्या ताटात भाजी वाढायला उचललेला चमचा तसाच धरून ठेवला. मला वाटलं, अम्मी रफिकला ओरडेल. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "तू जी भाकरी खातोयस ती कशी झालीय?" रफिक म्हणाला, "चांगली झालीय." "मग चांगली झालीय म्हणून सांग पोरांना," अम्मी म्हणाली आणि जेवायला लागली. हा तिचा स्वभाव. बाळंतपणाच्या खोलीत रडणाऱ्या बायकांशीही ती अशीच बोलायची म्हणे, कामापुरतं, आणि ते त्यांना पुरायचं.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं. नांदेडला मासिकाचा वाचक मेळावा आहे, विजेत्या कन्येनं आपल्या शिवणकुशल मातोश्रींसह यावं, मातोश्रींचा 'कष्टाळू आई' म्हणून सत्कार होईल. मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, मी जाणार नाही. अम्मी पत्र हातात घेऊन दोनदा वाचत राहिली. तिला मराठी चांगलं येत होतं, सगळे अहवाल मराठीतच भरावे लागत. "शिवणकुशल," ती म्हणाली आणि हसायला लागली. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "सगळेच जाऊ. मी रजा टाकते."

रफिक आला नाही. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. चाकूर आलं तेव्हा अम्मी सवयीनं उतरायला उठली आणि पुन्हा बसली. अहमदपूर, लोहा करत दुपारच्या आत नांदेडला पोचलो. सभागृह मोठं होतं. बाहेर कंपनीच्या मशिनींचा मांडव, गोरेपणाच्या क्रीमची पुडी फुकट वाटणारी एक बाई, पाककृतींच्या स्पर्धेचे झाकलेले डबे. दारावरच्या स्वयंसेविकेनं अब्बांना अडवलं. "पुरुषांनी बाहेर बसायचं, काका. आत फक्त महिला." अब्बा व्हरांड्याकडे वळले. तिथं आधीच चाळीसेक पुरुष होते. कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, कुणाच्या हातात बायकोची पर्स, एक जण बाळाला बाटलीनं दूध पाजत होता. मी तिथं थांबून बघत राहिले. मासिकाच्या इतक्या वर्षांच्या अंकांत जो पुरुष मला एकदाही भेटला नव्हता तो इथं चाळीस जणांच्या रूपात बसला होता, आणि त्याला आत यायला बंदी होती.

आतल्या बायका बघूनही मी चकित झाले होते. माझ्या डोक्यात होतं की मासिक वाचणाऱ्या बायका मासिकातल्यासारख्या असतील. माझ्या एका बाजूला पोलीस खात्यातली बाई होती, वर्दीवरच आलेली. दुसऱ्या बाजूला धर्माबादहून आलेल्या, मिरच्यांच्या आडतीत हिशेबाचं काम करणाऱ्या एक बाई. शिक्षिका, बँकेतल्या, भाजीचा गाडा लावणाऱ्यासुद्धा. आणि माईकवरून सगळ्यांना एकच हाक येत होती, "गृहिणींनो!" कुणी ओ देत नव्हतं असं नाही. त्या सगळ्या आनंदात होत्या. महिन्यातून एकदा पाऊण तास ते मासिक हातात घेऊन बसायला मिळतं, हे सुख त्यांना खरंच होतं. हे मी तेव्हा समजून घेतलं नाही. नंतर पुरवणी काढताना समजलं की बायका मासिकाकडे आरसा म्हणून येतच नाहीत, जरा टेकायला येतात. पण टेकायला जागा देणाऱ्यानं त्यांना सारखं 'नीट बसा' म्हणायचं कारण नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

संपादक स्टेजवर आले. साठीचे, बारीक, सोनेरी काड्यांचा चष्मा. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हसत हसत सांगितलं की आपल्या लाडक्या 'ताई' म्हणजे दुसरं कुणी नसून हेच, आणि सभागृहात हशा झाला. मला मात्र ती शेकडो पत्रं आठवली. मग आमचं नाव पुकारलं गेलं. अम्मीला शाल दिली, नारळ दिला, 'कष्टाळू आई, शिवणकलानिपुण' असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं, आणि सूत्रसंचालिकेनं माईक पुढं केला. "आई, आमच्या भगिनींना शिवणाची एखादी युक्ती सांगा."

अम्मीनं प्रमाणपत्र वाचलं, घडी न करता हातात धरलं, आणि लसीकरणाच्या दिवशी बायकांशी बोलायची त्याच आवाजात बोलली. "मी कष्टाळू आहे, हे बरोबर लिहिलंय. पण हे कष्ट माझे नाहीत. मी नर्स आहे. माझी सुई टोचायची. शिवायची सुई ह्या मुलीच्या अब्बांची आहे, आणि त्यांना तुम्ही बाहेर बसवलंय."

सभागृह आधी गोंधळलं, मग हसलं. सूत्रसंचालिकेनं संपादकांकडे पाहिलं. मी पुढं झाले. माझ्या पिशवीत निबंधाचा कच्चा कागद होता, पण तो काढायची गरज पडली नाही. मी म्हटलं, "मी जे लिहिलं होतं ते म्हणून दाखवते," आणि म्हणायला सुरुवात केली. अब्बांचं तेल घालणं, पेन्सिल, स्टोव्ह, डबा, चाकूरची गाडी. पायांचं वाक्य म्हटलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. बाहेरच्या कर्ण्यातून माझाच आवाज जरा उशिरानं मला ऐकू येत होता, म्हणजे अब्बांनाही येत असणार, आणि ह्या वेळी ते जे ऐकत होते तेच सगळं सभागृह ऐकत होतं. मी संपवलं तशी ती धर्माबादची बाई उभी राहिली. "मंग त्यांना बोलवा की आत! बाहेर कशाला ठिवलंय मानसाला?" मागून आणखी दोघीतिघी ओरडल्या. दार उघडलं. अब्बा दारात आले, कडेवर एक परकं पोर घेऊन. त्याचा बाप चहा प्यायला गेला होता आणि पोर अब्बांच्या गळ्यातून हात काढायला तयार नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या. अब्बांना नमस्कार करायचा होता, पण एक हात पोरात अडकलेला, म्हणून त्यांनी नुसती मान लववली.

कार्यक्रमानंतर संपादकांनी मला स्टेजमागं बोलावलं. रागावले असतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसून नुसते पाणी पीत होते. "बाळ, तुझा निबंध सगळ्यांत चांगला होता," ते म्हणाले. "पण समोरच्या पानावर जाहिरात होती. मशीनवर बाई बसलेली. मजकूर आणि चित्र जुळायला पाहिजे, नाहीतर वाचक गोंधळतो. मी अर्ध्या तासात बदल केला. त्यात काही वाईट आहे असं माझ्या मनातही आलं नाही."

"मग चित्र बदलायचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "चित्र कंपनीचं असतं," ते म्हणाले. आणि मी वळले तेव्हा, "पुन्हा पाठव. आहे तसा."

ते मला खोटे वाटले नाहीत. आजही वाटत नाहीत. मी त्यांच्यासारख्याच खुर्चीत बसून जे केलं ते सांगितल्याशिवाय मला त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. एकदा पुरवणीत एका महिला फौजदाराची मुलाखत होती. पान बसत नव्हतं, मथळा आकर्षक हवा होता, मी घाईत लिहिलं, 'वर्दीतली अन्नपूर्णा'. त्या बाईंनी मुलाखतीत स्वयंपाकाचा एक शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, माझ्या घरी खानावळीचा डबा येतो," एवढंच म्हणाल्या. मी माफी मागितली, आणि पुढच्या आठवड्यात ठळक अक्षरांत दुरुस्ती छापली. हल्ली मोबाईलवर जाहिराती बघते. आता नवरा चहा करतो, आणि बायको डोळे भरून त्याच्याकडे बघते. आमच्या अम्मीनं चहासाठी अब्बांकडे कधी डोळे भरून पाहिलं नाही. साखर कमी पडली तर बोलून दाखवलं.

निबंध दोन अंकांनंतर पुन्हा छापून आला, एक अक्षर न बदलता, 'वाचकांच्या आग्रहास्तव' असं वर लिहून. समोरच्या पानावर ह्या वेळी जाहिरात चहाची होती. अब्बांना तो मी वाचून दाखवला नाही, रफिकनं दाखवला. सांगितलं नव्हतं कुणी. तो सलूनमधून आला, मासिक उचललं, काउंटरला टेकून सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, ठेवलं, आणि म्हणाला, "खट्ट्याचं लिहायचं राहिलं तुझं." कॉलेजात तो पोरांना काय म्हणाला, म्हणाला का नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही.

मग थंडीच्या दिवसांत, एका रविवारी, चाकूरकडच्या एका खेड्यातून एक जोडपं दुकानात आलं. बाईला अम्मी ओळखत होती, तिची दोन्ही मुलं अम्मीच्याच हातावर झालेली. नवऱ्याचं नाव बालाजी. तिशीचा, धिप्पाड, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. तो दाराशीच उभा राहिला. बाईच बोलत होती.

"सिस्टर, आमच्या घरी मशीन हाय. माझ्या बापानं लग्नात दिलेली. मला त्यातलं काय बी जमत न्हाई. ह्यांचा हात लई साफ हाय. गावातल्या समद्या बायकांचे झंपर हेच शिवतात, पर म्या शिवते म्हनून सांगतो आम्ही. कडी लावून बसतात आत. तुमच्या पोरीनं लिवलेलं म्या ह्यांना वाचून दावलं. मंग म्हनले, चल, मास्तरला इचारू, शिकिवतेत का."

बालाजी मान खाली घालून उभा होता. अब्बांनी हात पुढं केला. त्यानं पिशवीतून एक ब्लाऊज काढून दिलं. अब्बांनी ते उलटं केलं, शिलाईवरून अंगठा फिरवत नेला, काखेपाशी थांबले.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. "इथं टाका वाकडा गेलाय. का गेलाय, माहितीये?"

"न्हाई जी."

"अंधारात शिवलंय. पहिली गोष्ट, कडी काढायची. मशीन दारात आणून ठेवायची, उजेड तिथं असतो. बाकीचं मी शिकवतो."

बालाजीनं बायकोकडे पाहिलं. "लोखंडाची हाय, मास्तर," तो म्हणाला. "एकट्याला हालत न्हाई."

"मी हाय की," बाई म्हणाली. "एका बाजूनं मी धरते. आजच दारात आनू."